पेटी, मेघ आणि वही

जहाजाच्या पोटांत बसून समुद्रपार जाणाऱ्या मालाविषयीं व्यापाऱ्याच्या मनांत पुरातन काळापासून तीन प्रश्न उभे असतात. माल या घटकेला कोठें आहे? तो कोणत्या स्थितींत आहे? आणि हें जो सांगतो, त्याच्या सांगण्यावर विश्वास कां ठेवावा? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें देण्याचें सामर्थ्य मनुष्यानें गेल्या अर्धशतकांत पुष्कळच मिळविलें. तिसरा प्रश्न मात्र होता तेथेंच आहे. २०१८ सालीं एका बलाढ्य जहाज कंपनीनें आणि एका नामांकित संगणक कंपनीनें मिळून या तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच यंत्रणेंत बसविण्याचा संकल्प सोडला. आणि पांच वर्षें पुरीं होण्याच्या आंतच तो सोडून द्यावा लागला. बोलणाऱ्या वस्तु, मेघासारखें सर्वत्र पसरलेलें संगणन आणि कोणासही खोडतां न येणारी वही या तीन शोधांच्या संगमाचा हा इतिहास यंत्रांचा आहे तितकाच माणसांच्या स्वभावाचाही आहे.

विश्वासाचा प्रश्न यंत्रयुगानें निर्माण केला, अशी कोणाची समजूत असल्यास ती बरोबर नव्हे. पेशवाईंत मामलेदाराच्या कचेरींत मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरकदार असत. ते मामलेदाराच्या हाताखालीं काम करीत खरे. परंतु त्यांस काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नसे. एकाच रकमेची नोंद अनेक हातांखालून जावी, आणि त्या हातांनीं एकमेकांवर नजर ठेवावी, हा त्यांतील हेतु होता. समुद्रावरील व्यापारांतही तोच विचार निराळ्या रूपानें दिसतो. जहाजी बिल्टीच्या, म्हणजे कप्तानानें माल ताब्यांत घेतल्याच्या दाखल्याच्या, अस्सल प्रती बहुधा तीन काढीत. एक गहाळ झाली तर दुसरी पोहोंचावी, आणि ज्याच्या हातीं अस्सल प्रत असेल त्यालाच माल मिळावा, अशी ही योजना. नोंद एकाच्याच हातीं राहूं नये, आणि ती मागाहून कोणास बदलतां येऊं नये, या दोन सूत्रांवर जगाचा व्यापार शतकानुशतकें चालत आला.

२६ एप्रिल १९५६ या दिवशीं अमेरिकेंतील न्यूअर्क बंदरांतून 'आयडियल एक्स' नांवाचें जहाज ह्यूस्टनकडे निघालें. त्याच्या डेकवर सारख्या मापाच्या ५८ पेट्या होत्या. मॅल्कम मॅक्लीन या ट्रकमालकाची ही युक्ति होती. मोकळा माल हमालांच्या पाठीवरून चढविण्यास त्या काळीं टनामागें पावणेसहा डॉलरांहून अधिक खर्च येई. पेटीच्या युक्तीनें तो सोळा सेंटांच्या आंत आला. पुढें साऱ्या जगानें पेटीचें माप ठरविलें, नवीं बंदरें उभीं राहिलीं, आणि मुंबई बंदराच्या समोर न्हावाशेवा येथेंही १९८९ सालीं असेंच बंदर सुरू झालें. माल पळूं लागला. कागद मात्र पूर्वीच्याच चालीनें चालत राहिला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीनें २०१४ सालीं पूर्व आफ्रिकेंतून युरोपांत जाणाऱ्या शीतमालाच्या एका साध्या खेपेचा माग काढला. तेव्हां असें आढळलें कीं, त्या एका खेपेला जवळजवळ ३० माणसांच्या व संस्थांच्या हातांतून जावें लागतें, आणि त्यांच्यांत २०० हून अधिक वेळां निरोपांची व कागदांची देवघेव होते. एक शिक्का राहिला कीं पेटी धक्क्यावर पडून; आणि पेटींत फुलें वा फळें असलीं कीं व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत मालाची माती.

ही अडचण दूर करूं शकतील असे तीन शोध तोंवर निरनिराळ्या वाटांनीं पुढें आले होते.

पहिला शोध बोलक्या वस्तूंचा. १९८२ च्या सुमारास अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरीं कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कांहीं विद्यार्थ्यांस एक क्षुल्लक गैरसोय जाचत असे. कोकाकोलाच्या बाटल्यांचें यंत्र त्यांच्या खोल्यांपासून दूर होतें. तेथवर पायपीट करावी, आणि यंत्र रिकामें किंवा बाटली कोमट निघावी, असें वारंवार घडे. त्यांनीं यंत्रावरील दर्शक दिव्यांना तारा लावून त्या संगणकास जोडल्या. बाटली आहे कीं नाहीं आणि ती थंड झाली कीं नाहीं, हें जागेवर बसूनच कळूं लागलें. पुढें १९९९ सालीं प्रॉक्टर अँड गँबल या कंपनींतील केव्हिन अॅश्टन यानें या कल्पनेला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' असें नांव दिलें. त्याची अडचणही अशीच घरगुती होती. एका विशिष्ट छटेची लिपस्टिक दुकानाच्या फळीवरून नेहमीं संपलेली असे, आणि कोठारांत ती शिल्लक आहे कीं नाहीं हें दुकानदारासही ठाऊक नसे. वस्तूंना स्वतःची खबर स्वतः देतां आली, तर माणसाच्या विसराळूपणावर विसंबावें लागणार नाहीं, असा त्याचा विचार होता.

दुसरा शोध क्लाउड कॉम्प्युटिंगचा. टेलिफोनप्रमाणें संगणनशक्तीही एक दिवस सार्वजनिक सोय म्हणून विकली जाईल, असें भाकीत जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञानें १९६१ सालीं केलें होतें. तें प्रत्यक्षांत उतरण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं. अॅमेझॉन कंपनीनें मार्च २००६ मध्यें माहिती सांठविण्याची जागा आणि त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें गणन करणारीं यंत्रें भाड्यानें देण्यास आरंभ केला. मेघ हें नांव काव्यमय असलें तरी वस्तु काव्यमय नाहीं. दूर कोठें तरी प्रचंड इमारतींतून ओळीनें मांडलेलीं यंत्रें, त्यांना थंड ठेवणारे पंखे आणि त्यांना लागणारी अफाट वीज, हें त्या मेघाचें खरें रूप होय. परंतु नळाच्या पाण्याप्रमाणें वापरावें तितक्याचेंच पैसे द्यावे, अशी सोय झाल्यामुळें लहानसहान व्यापाऱ्यालाही मोठ्या गणनाचा लाभ घेतां येऊं लागला.

तिसरा शोध वहीचा. १९९१ सालीं न्यू जर्सी प्रांतांतील बेलकोर या संस्थेंतील स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघां संशोधकांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. संगणकावरील लिखाण विशिष्ट दिवशीं अस्तित्वांत होतें, हें कोणाच्याही शब्दावर न विसंबतां कसें सिद्ध करावें, हा त्यांचा प्रश्न होता. कोणत्याही लिखाणापासून गणिताच्या एका रीतीनें एक लहानशी संख्या काढतां येते. तिला त्या लिखाणाचा अंगठा म्हणावें. लिखाणांत एक स्वल्पविराम बदलला तरी अंगठा निराळाच उमटतो. उलट, अंगठ्यावरून मूळ लिखाण मात्र काढतां येत नाहीं. प्रत्येक नव्या नोंदींत मागल्या नोंदीचा अंगठा गुंफला, कीं नोंदींची सांखळी तयार होते. मधली एक कडी कोणीं बदलली, तर तिच्या पुढच्या सर्व कड्या खोट्या पडतात. ही सांखळी दडविली जाऊं नये म्हणून त्यांच्या कंपनीनें १९९५ पासून दर आठवड्याचा अंगठा 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकांत हरवल्या-सांपडल्याच्या छोट्या सूचनांमध्यें छापण्यास सुरुवात केली. अंक एकदां घरोघर पोहोंचला, कीं त्याच्या सर्व प्रती गोळा करून आंतला आंकडा बदलणें कोणत्या धनाढ्याला साधणार?

सातोशी नाकामोतो असें टोपणनांव घेतलेल्या कोणा अज्ञात व्यक्तीनें किंवा मंडळीनें ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं बिटकॉइन या चलनाची कल्पना मांडली, तेव्हां त्या निबंधाच्या आठ आधारांपैकीं तीन हेबर आणि स्टॉर्नेटा यांचे होते. ३ जानेवारी २००९ रोजीं त्या वहीचें पहिलें पान उघडलें. वर्तमानपत्राच्या प्रतींची जागा आतां हजारों संगणकांवरील प्रतींनीं घेतली. कोणी एक मुनीम नाहीं, कोणी एक पेढी नाहीं. सर्वांकडे तीच वही, आणि बहुमतानें मान्य झाल्यावांचून तींत ओळ चढत नाहीं. हीच ब्लॉकचेन. १९१५ मध्यें नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतर, २०१५ सालीं, इथेरियम नांवाच्या दुसऱ्या वहीनें त्यांत आणखी एक भर घातली. अमुक घडल्यास तमुक रक्कम द्यावी, असा करारच वहींत लिहून ठेवावा, आणि अट पुरी होतांच तो आपोआप अमलांत यावा, अशी ही सोय होती.

आतां या तिघांची गांठ कां पडावी, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. नाशिकच्या द्राक्षांची एक पेटी न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला निघाली आहे असें समजावें. बंदरावरचे लोक जिला रीफर म्हणतात ती ही शीतपेटी. आंतलें तपमान ० अंशाच्या आसपास राहिलें पाहिजे. पेटींतील संवेदक दर दहा मिनिटांनीं एक नोंद करतो असें धरल्यास दिवसाच्या १४४ आणि तीन आठवड्यांच्या ३,०२४ नोंदी होतात. अशा एक लाख पेट्या समुद्रावर असतील, तर नोंदींची संख्या ३० कोटींच्या वर जाते. एवढा पसारा सर्वांच्या वहीच्या प्रत्येक प्रतींत उतरविणें म्हणजे गांवच्या प्रत्येक घरांत सगळ्या गांवाचें धान्य भरण्यासारखें आहे. म्हणून नोंदींचा ढीग मेघांत ठेवावा, आणि वहींत फक्त त्या ढिगाचा अंगठा चढवावा. उद्यां माल नासला आणि जहाज कंपनी, आडत्या व विमेवाला एकमेकांकडे बोट दाखवूं लागले, तर मेघांतील नोंदींचा अंगठा पुन्हा काढून तो वहींतल्या अंगठ्याशीं ताडून पाहावा. जुळला तर नोंद शुद्ध. न जुळला तर मध्यें कोणाचा तरी हात फिरला. वस्तूनें साक्ष द्यावी, मेघानें ती सांभाळावी आणि वहीनें तिची ग्वाही द्यावी, अशी ही वांटणी होती. तिघांपैकीं एकटा कोणीही पुरा पडत नाहीं. वस्तु बोलली तरी तिची स्मरणशक्ति तोकडी. मेघाची स्मरणशक्ति दांडगी, पण तो मालकाच्या आज्ञेंत. आणि वही निःस्पृह खरी, पण तिचीं पानें मोजकीं.

या मेळाचे पहिले प्रयोग कौतुकाचे होते. जानेवारी २०१५ मध्यें आय. बी. एम. आणि सॅमसंग या कंपन्यांनीं कपडे धुण्याचें एक यंत्र दाखविलें. साबण संपत आला कीं तें यंत्र स्वतःच दुकानदाराशीं करार करून साबण मागवी. पाहणाऱ्यांनीं तोंडांत बोटें घातलीं; पण घरांतल्या माणसाला साबण संपल्याचें कळत नाहीं अशांतला भाग नव्हता. खरी गरज दुसरीकडेच होती. वॉलमार्ट या प्रचंड दुकानदार कंपनीनें २०१६ सालीं कापलेल्या आंब्याचें एक पाकीट उचलून, हा आंबा कोणत्या बागेंतला, असें आपल्याच माणसांना विचारलें. नेहमींच्या रीतीनें उत्तर मिळण्यास ६ दिवस १८ तास आणि २६ मिनिटें लागलीं. नव्या वहींतून तेंच उत्तर २.२ सेकंदांत आलें. विषबाधेची सांथ उद्भवली असतां, कोणत्या शेतांतील भाजी विषारी हें सात दिवसांनीं कळणें आणि दोन सेकंदांत कळणें, यांतील अंतर माणसांच्या प्राणांनीं मोजावें लागतें. म्हणूनच सप्टेंबर २०१८ मध्यें त्या कंपनीनें पालेभाजी पुरविणाऱ्यांस वर्षभरांत या वहींत सामील होण्याचें फर्मावलें.

मर्स्क आणि आय. बी. एम. यांनीं मार्च २०१७ मध्यें आपला सहयोग जाहीर केला. त्याच वर्षीं मर्स्कनें आपल्या अडीच लाखांहून अधिक शीतपेट्यांचें तपमान, आर्द्रता व ठिकाण यांची खबर ग्राहकांना घरबसल्या पाहण्याची सोय केली. पेट्या बोलूं लागल्या होत्या, मेघ ऐकत होता. आतां वही तेवढी जोडावयाची होती. इतक्यांत एक घोर संकट कोसळलें.

२७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधील हिशोबाच्या एका संगणकप्रणालींतून 'नॉटपेट्या' नांवाचा विध्वंसक विषाणु जगभर पसरला. मर्स्कच्या कचेऱ्यांतील पडदे एकामागून एक काळे झाले. कंपनीच्या ७६ बंदर-स्थानकांपैकीं १७ ठिकाणीं कामाची कुचंबणा झाली. न्हावाशेवा येथील त्यांच्या धक्क्यालाही याचा फटका बसला. कोणती पेटी कोठें आहे, आणि कोणाची आहे, हें सांगणारे संगणकच मुके झाले. कोणास आंत सोडावें हें ठरविणारीं सुमारें दीडशें मुख्य यंत्रें कंपनीपाशीं होतीं. एक बिघडलें तर दुसऱ्यावरून नक्कल घ्यावी, अशी योजना होती. परंतु तीं सर्व एकाच दाव्याला बांधलेलीं असल्यानें सर्वच एका वेळीं गेलीं. उरलें तें एकच. आफ्रिकेंतील घाना देशांत. हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेल्यामुळें तें जाळ्यापासून तुटलें होतें. तेथील माणसापाशीं इंग्लंडचा परवाना नव्हता. म्हणून त्यानें तें अमोल यंत्रखंड नायजेरियाच्या विमानतळापर्यंत आणून दुसऱ्याच्या स्वाधीन केलें, आणि तो तें घेऊन लंडनला गेला. त्या एका प्रतीवरून दहा दिवसांत ४,००० मोठे आणि ४५,००० साधे संगणक नव्यानें उभे करण्यांत आले. कंपनीचें नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरांत गेलें. प्रती पुष्कळ असून भागत नाहीं, त्या निरनिराळ्या घरांत असाव्या लागतात. जुन्या जहाजी बिल्टीच्या तीन प्रती निरनिराळ्या हातांनीं कां पाठवीत, याचें उत्तर या प्रसंगानें नव्या पिढीला मिळालें.

१६ जानेवारी २०१८ रोजीं मर्स्क व आय. बी. एम. यांनीं संयुक्त कंपनीचा मनोदय जाहीर केला, आणि ९ ऑगस्टला तिच्या वहीला 'ट्रेडलेन्स' असें नांव दिलें. हायपरलेजर फॅब्रिक या प्रणालीवर ती उभारलेली होती. बिटकॉइनच्या वहीप्रमाणें वाटेल त्यानें यावें अशी ती खुली नव्हती. ओळख पटलेल्या सभासदांनाच तींत प्रवेश होता. आरंभींच ९४ संस्था सामील झाल्या, आणि १५ कोटी ४० लाखांहून अधिक घटना नोंदविल्या गेल्याचें सांगण्यांत आलें. पेटी फाटकांत शिरली, जहाजावर चढली, जकातींतून सुटली, अशा या घटना होत. अमेरिकेकडे जाणाऱ्या एका खेपेचा वेळ शेंकडा ४० नीं घटल्याचेंही उदाहरण देण्यांत आलें.

परंतु प्रतिस्पर्धी जहाज कंपन्या कुंपणावरच बसून राहिल्या. वही सर्वांची म्हणावी, आणि तिचे मालक मात्र त्यांतलेच एक व्यापारी असावे, हें त्यांना रुचेना. सोयींत खोट नाहीं, पण कारभार सर्वांचा असल्यावांचून ही वही साऱ्या धंद्याची होणार नाहीं, असें जर्मनीच्या हॅपाग-लॉइड कंपनीच्या प्रमुखांनीं २०१८ सालींच बोलून दाखविलें. आपल्या ग्राहकांचीं नांवें, आपल्या मालाचा मार्ग आणि आपल्या जहाजांचा वेग हें सारें, कितीही मोहोरबंद असलें, तरी प्रतिस्पर्ध्याच्या माजघरांत ठेवावयाचें कोणीं? मर्स्कनें मग संयुक्त कंपनीचा बेत सोडून कारभाराची रचना बदलली. मे २०१९ मध्यें एम. एस. सी. आणि सी. एम. ए. सी. जी. एम. या दोन प्रचंड कंपन्या आल्या. जुलैमध्यें हॅपाग-लॉइड व जपानची वन ही कंपनीही आली. पेट्यांतून जाणाऱ्या जगांतील सागरी मालापैकीं निम्म्याहून अधिक माल नेणारे लोक एका वहीभोंवतीं बसले. विजय झाला, असें पुष्कळांना वाटलें.

तो विजय नव्हता. चीनच्या कॉस्को कंपनीनें व तिच्या मित्रमंडळीनें दुसरीच वही काढण्याचें ठरविलें होतें. २०२१ सालीं हाँगकाँग येथें तिची संस्था रीतसर स्थापन झाली. हॅपाग-लॉइड दोन्हीकडे होती. एकाच वहीनें सर्वांची साक्ष ठेवावी, या कल्पनेचा जन्म झाला होता. आतां दोन वह्यांचा मेळ कोणीं घालावयाचा, हा नवा प्रश्न उभा राहिला. शिवाय पेट्या वाहणारे आले तरी माल पाठविणारे, आडत्ये, बँका व सरकारी कचेऱ्या यांना आपला कागद सोडण्याची घाई नव्हती. बँक कागद मागे म्हणून व्यापारी कागद ठेवी, आणि व्यापारी कागद देई म्हणून बँक तो मागे. २९ नोव्हेंबर २०२२ रोजीं मर्स्क व आय. बी. एम. यांनीं ट्रेडलेन्स बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. साऱ्या धंद्याचें जें जागतिक सहकार्य आवश्यक होतें तें लाभलें नाहीं, आणि म्हणून हा उद्योग स्वतःच्या पायांवर उभा राहूं शकत नाहीं, असें कारण त्यांनीं दिलें. २०२३ च्या पहिल्या तिमाहीअखेर वही मिटली.

या अपयशावरून हें तंत्रच पोकळ होतें, असा निकाल देणारे पुष्कळ निघाले. तो निकाल घाईचा आहे. कॅनडांत वॉलमार्टनें सुमारें ७० माल वाहतूकदारांशीं असलेला हिशोब अशाच वहींत घातला. ट्रकवरील संवेदकांनीं ठिकाण व तपमान कळवावें, आणि त्यावरून बिल आपोआप तयार व्हावें, अशी ती रचना. पूर्वीं शंभरांपैकीं सत्तरपर्यंत बिलांवर वाद होत. ते शेंकडा दोनांहूनही खालीं आले. तंत्र तेंच, मग येथें यश कां आलें? येथें यजमान एक होता. त्यानें सांगावें आणि इतरांनीं ऐकावें, असा संबंध होता. जेथें धनी नाहीं तेथें उपयोगी पडावी म्हणून जी वही निर्माण झाली, ती धन्याच्या घरांत सुखानें नांदली, आणि बरोबरीच्या सावकारांच्या बैठकींत मात्र टिकली नाहीं. हा या इतिहासांतील विरोधाभास विचार करण्यासारखा आहे. यंत्रानें नोंद बदलण्याचा मार्ग बंद केला; पण वही कोणाच्या घरीं ठेवावी आणि तिचे नियम कोणीं करावे, हा जुना तंटा यंत्राला सोडवितां आला नाहीं.

याहून खोल अशी दुसरी एक मर्यादा आहे, आणि ती महाराष्ट्राच्या द्राक्षबागाइतदारांनीं ब्लॉकचेनचें नांव कानीं पडण्यापूर्वींच अनुभविली. २००३ सालीं कीटकनाशकांच्या अंशांमुळें भारतीय द्राक्षांना युरोपांत अडवणूक झाली. त्यानंतर अपेडा या सरकारी संस्थेनें 'ग्रेपनेट' ही व्यवस्था सुरू केली. प्रत्येक बागेची नोंदणी, प्रयोगशाळेंतील तपासणी, बांधणीघर आणि निर्यातीचा दाखला हीं सर्व एका सूत्रांत ओंवलीं गेलीं. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासणीचें प्रमाणस्थान झालें. व्यवस्था उत्तम चालली. तरीही २०१० सालीं युरोपांत द्राक्षें पुन्हा अडलीं, कारण त्यांत क्लोरमेक्वॅट या वाढरोधक द्रव्याचे अंश निघाले. तें द्रव्य तपासणीच्या यादींतच नव्हतें. दप्तरांत लबाडी कोणीं केली नव्हती. एकही नोंद खोडली गेली नव्हती. जें विचारलें गेलें नाहीं, त्याची साक्ष दप्तरांत नव्हती, इतकेंच. ती यादी मग दुरुस्त झाली. परंतु त्या हंगामांत ज्याचा माल परत फिरला, त्याला हा धडा घरच्या पैशानें शिकावा लागला.

अखंड वहीचीही गोष्ट याहून वेगळी नाहीं. चढलेली ओळ ती कोणास पुसूं देत नाहीं. पण चढविलेली ओळ खरी आहे कीं नाहीं, हें ती जाणत नाहीं. संवेदक पेटीच्या थंड कोपऱ्यांत बसविला आणि द्राक्षें दाराशीं उबलीं, तर वही मोठ्या निष्ठेनें चुकीचीच साक्ष जपून ठेवील. म्हणून पहिल्या नोंदीची शुद्धता हा सर्व इमारतीचा पाया होय, आणि तो पाया बागेंत, बांधणीघरांत आणि बंदराच्या फाटकाशीं काम करणाऱ्या माणसांच्या हातीं असतो.

ट्रेडलेन्स गेली, तरी तिनें उकरून काढलेला प्रश्न मागें पडला नाहीं. न्हावाशेवा येथें जुलै २०१६ पासूनच पेट्यांना रेडिओलहरींनीं ओळख देणाऱ्या पट्ट्या लावून देशांतील त्यांचा प्रवास मेघांतून पाहण्याची सोय झाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्यें जगांतील नऊ प्रमुख जहाज कंपन्यांनीं २०३० पर्यंत जहाजी बिल्टी पूर्णपणें कागदावांचून देण्याचें वचन दिलें. त्याच वर्षीं २० सप्टेंबरपासून इंग्लंडांत कागदी दस्तऐवजाचाच मान इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला देणारा कायदा लागू झाला. भारतांतही जहाजी बिल्टीविषयींचा १८५६ चा कायदा जाऊन २०२५ सालीं त्या जागीं नवा कायदा आला. एकच वही सर्वांनीं वापरावी, हा आग्रह ओसरला; निरनिराळ्या वह्यांतील नोंदी एकमेकांस वाचतां याव्या, आणि न्यायासनानें त्या मानाव्या, या दिशेनें पाऊल पडत आहे.

हा मार्ग धिम्या चालीचा असला तरी इतिहासाच्या ओळखीचा आहे. लोखंडी पेटीचें माप साऱ्या जगानें मान्य केलें, तेव्हांच मॅक्लीनच्या युक्तीचें व्यवस्थेंत रूपांतर झालें. तोंवर ती एका ट्रकमालकाची हुषारी होती. मेघ, वही आणि बोलकी वस्तु यांच्या संगमालाही तशाच सर्वमान्य मापाची वाट पाहावी लागणार आहे. तोंवर नाशिकच्या बांधणीघरांत द्राक्षांचा घड उचलून खोक्यावर बागेचा क्रमांक चिकटविणाऱ्या मजुरीण बाईच्या हातावर रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याला विश्वास ठेवावाच लागेल. तिनें क्रमांक बरोबर चिकटविला, तर पुढच्या सर्व यंत्रांचें श्रम सार्थकीं लागतात.